मराठी एसएमएस गेला, पण पालकांना नुसती प्रश्नचिन्हं दिसली! असं का होतं?



गेल्या पावसाळ्यातला प्रसंग सांगते. रात्री साडेआठला सुट्टीचा निरोप आला. आमच्या शाळेतल्या बऱ्याच पालकांकडे अजून बटणाचाच फोन आहे, त्यामुळे व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून भागत नाही. शाळेने घेतलेल्या एसएमएस सेवेवरून सगळ्यांना एकच मेसेज पाठवला: "उद्या दि. 10 रोजी अतिवृष्टीमुळे शाळा बंद राहील."

सकाळी शाळेसमोरच्या दुकानदाराचा फोन. पहिलीतल्या एका मुलाची आजी त्याला घेऊन भर पावसात ओढा ओलांडून आली होती आणि कुलूप लावलेल्या दारात उभी होती. तिच्या फोनवर आलेला मेसेज असा होता:

????? ??. 10 ???? ????????????? ???? ??? ?????.

शेजारच्या पोराने तिला वाचून सांगितलं होतं, "दहा वाजता शाळेत बोलावलंय." त्याचं तरी काय चुकलं? वाचता येण्याजोगं तेवढंच होतं! आणि संगणकावर सगळ्या नंबरांपुढे 'डिलिव्हर्ड' असं दिसत होतं.

तेव्हापासून मी हा विषय जरा खोलात जाऊन समजून घेतला. तुमच्याही शाळेत कधीतरी असं होईल, म्हणून लिहितेय.

एसएमएस म्हणजे एक ठरावीक मापाचा डबा समजा. त्यात १४० बाइट मावतात. एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणजे एकूण ११२० बिट. मोबाईलचं जे मूळ अक्षरकोष्टक आहे त्यात फक्त १२८ जागा आहेत आणि प्रत्येक अक्षराला ७ बिट पुरतात. ११२० ला ७ ने भागा, १६० येतात. इंग्रजी मेसेजची १६० अक्षरांची मर्यादा इथून आली. (पाचवीच्या मुलांना भागाकारासाठी हे उदाहरण देऊन बघा, आवडतं त्यांना.)

त्या १२८ जागांत इंग्रजी अक्षरं आहेत, अंक आहेत, युरोपातली काही टोपीवाली, शेपटीवाली अक्षरं आहेत, काही ग्रीक अक्षरंही आहेत. देवनागरी एकही नाही. मराठी पाठवायचं तर युनिकोडचे आकडे वापरावे लागतात. युनिकोडमध्ये जगातल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिलेला आहे. आपल्या 'क' चा २३२५. हा क्रमांक ७ बिटांत मावत नाही, म्हणून एसएमएसमध्ये प्रत्येक अक्षराला १६ बिट देतात. ११२० भागिले १६, म्हणजे ७०.

आता मुख्य मुद्दा. डब्याबरोबर एक चिठ्ठीही जाते: 'आत ७ बिटांची अक्षरं आहेत' किंवा 'आत १६ बिटांची आहेत'. आपण वेबसाईटवर मेसेज टाईप करतो, तिथून तो गेटवेकडे जातो, तिथून मोबाईल कंपनीकडे आणि मग फोनवर. या वाटेत कुणीतरी चुकीची चिठ्ठी लावली किंवा डबा परत भरताना माप बदललं, की मजकूर बिघडतो. बरं, तो दर वेळी सारखा बिघडत नाही. कचरा कसा दिसतोय यावरून बिघाड कुठे आहे ते बऱ्यापैकी कळतं.

आमचाच मेसेज घ्या. 'उद्या' मध्ये उ, द, हलन्त, य आणि काना अशी ५ चिन्हं आहेत, आणि प्रश्नचिन्हंही ५ आली. 'अतिवृष्टीमुळे' ची १३, तिथे बरोबर १३. इंग्रजी अंकातला दहा, टिंब आणि मोकळी जागा मात्र शाबूत, कारण ती मूळ कोष्टकात आहेत. याचा अर्थ कुठल्यातरी टप्प्यावर आपला मजकूर नीट वाचला गेला, पण तो १२८ च्या कोष्टकात कोंबला गेला. जे कोष्टकात सापडलं नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह. आमच्या बाबतीत कारण अगदी साधं निघालं: मेसेजचा प्रकार 'टेक्स्ट' निवडलेला होता, 'युनिकोड' निवडायचा राहिला होता. अशी प्रश्नचिन्हं एकदा झाली की मूळ मजकूर परत मिळवता येत नाही, नव्यानेच पाठवावा लागतो.

एका अक्षराच्या जागी तीन-तीन प्रश्नचिन्हं आली तर गोष्ट वेगळी. संगणकावर मराठी बहुतेक वेळा यूटीएफ-८ पद्धतीने साठवतात, त्यात देवनागरीच्या एका चिन्हाला ३ बाइट लागतात. प्रत्येक बाइटला कुणीतरी वेगळं अक्षर समजलंय. कधी याच चुकीने प्रश्नचिन्हांऐवजी तिरकी रेघ डोक्यावर घेतलेला इंग्रजी 'ए' पुन्हा पुन्हा दिसतो. तेव्हा सेवा देणाऱ्याला सांगायचं, "यूटीएफ-८ मजकूर दुसऱ्याच पद्धतीने वाचला जातोय." एवढं वाक्य बोललात की समोरचा माणूस 'मोबाईल बंद-चालू करून बघा' म्हणत नाही.

चिनी वाटणारी अक्षरं आली तर घाबरू नका, फोन हॅक झालेला नाही. १६ बिट म्हणजे दोन बाइट. त्यांचा क्रम उलटा झालाय. 'शाळा' मधल्या चारही चिन्हांचे बाइट उलटे केले की ती चिनी-जपानी चिन्हांच्या भागात जाऊन पडतात. ही चूक आपल्या हातची नाही, गेटवेवाल्यानेच सुधारायची.

आणि एकाच फोनवर रिकामे चौकोन, बाकी सगळीकडे मराठी नीट? तर मेसेज बरोबर आहे, त्या फोनमध्ये देवनागरी फॉन्ट नाही. अशा पालकांना सरळ फोन करावा, दुसरा उपाय नाही.

आपल्याकडे आणखी एक भानगड फार होते. कार्यालयातून आलेलं पत्र कृतीदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतं. स्क्रीनवर मराठी दिसतं, पण फाईलमध्ये युनिकोडचे आकडे नसतात. इतर चिन्हांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांची चित्रं चढवलेली असतात. ते कॉपी करून मेसेजमध्ये टाकलं की चित्रं गळून पडतात आणि उरतो अर्थहीन इंग्रजी गुंता. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा किंवा सरळ नव्याने टाईप करा. दोन ओळींसाठी टाईप करणंच लवकर होतं, माझा अनुभव.

पालकांची यादी आणि मजकूर एक्सेलमधून अपलोड करत असाल तर फाईल 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून सेव्ह करा. साध्या 'सीएसव्ही' मध्ये मुलांची नावं तिथेच प्रश्नचिन्हं होऊ शकतात. म्हणून पाठवण्याआधी ती फाईल बंद करून पुन्हा उघडून बघायची. तिथेच मराठी गेलेलं असेल तर गेटवेला दोष देऊन काय उपयोग?

पैशाचंही बघा. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'विद्यार्थी' हा शब्द १० चिन्हांचा! ७० च्या वर गेलात की मेसेजचे तुकडे होतात, आणि तुकडे जोडण्याची माहिती प्रत्येकात भरावी लागते म्हणून प्रत्येक तुकड्यात ६७ च मावतात. ७१ चिन्हं म्हणजे दोन मेसेजचे पैसे. इंग्रजी मेसेजमध्येसुद्धा वर्डमधून आलेलं एखादं वाकडं अवतरणचिन्ह घुसलं, तर अख्खा मेसेज युनिकोडमध्ये जाऊन १६० ची मर्यादा ७० वर येऊ शकते.

मेसेज मुळीच पोहोचत नसेल तर टेम्प्लेट तपासा. ट्रायच्या २०१८ च्या नियमावलीनुसार अशा सेवेवरून जाणाऱ्या मेसेजचा नमुना आधी नोंदवावा लागतो, आणि पाठवलेला मजकूर त्याच्याशी जुळवून पाहिला जातो. मराठीत इथे एक छुपा खड्डा आहे. 'दुसऱ्या' मधला 'ऱ्य' दोन प्रकारे टाईप होतो: एकात वेगळा 'ऱ' असतो, दुसऱ्यात साधा 'र' आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. जुळणी तिथे फसू शकते. त्यामुळे नोंदवलेला नमुना जसाच्या तसा कॉपी करून वापरायचा, पुन्हा टाईप करत बसायचं नाही. आणि जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात तो आपल्या फोनवर आणि एखाद्या पालकाच्या बटणाच्या फोनवर पाठवून बघायचा. आमच्या सुट्टीच्या मेसेजमध्ये आता तारीखही अक्षरात असते.