पाऊस आला, शर्यत चुकली नाही!

दोस्तांनो, स्टॉक कार दिसते साध्या मोटारीसारखी, पण तिचे टायर असतात अगदी गुळगुळीत. ओल्या ट्रॅकवर ती घसरणारच!

१८ फेब्रुवारी १९७९. अमेरिकेतली 'डेटोना ५००' ही ५०० मैलांची शर्यत सीबीएस वाहिनी प्रथमच सुरुवातीपासून शेवटपर्यंत थेट दाखवणार होती. आणि नेमका पावसाने ट्रॅक भिजलेला! मग काय केलं? पिवळा झेंडा दाखवून पहिल्या काही फेऱ्या सावकाश घेतल्या. गाड्यांनीच ट्रॅक वाळवला! तिकडे पूर्व अमेरिकेत बर्फामुळे माणसं घरीच, टीव्हीसमोर. शेवटच्या फेरीत पुढच्या दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि मागचा रिचर्ड पेटी जिंकला!

शर्यत पुढे ढकलली असती, तर एवढे प्रेक्षक मिळाले असते का? तुम्हीच सांगा!