पाकिटावरचे नाव आणि पत्रातले नाव

ई-मेल वापरणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी दोन गोष्टींचे नवल वाटते. पहिली म्हणजे, एखाद्या पत्रात ‘प्रति’ या जागी आपले नाव कुठेच नसते, तरीही ते पत्र आपल्याला येते. दुसरी गोष्ट अधिक काळजीची. मुख्याध्यापकांच्या नावाने पत्र येते, ‘अमुक रक्कम तातडीने भरा’ असे त्यात लिहिलेले असते, आणि मुख्याध्यापकांना त्याचा पत्ताही नसतो. पहिली गोष्ट ही सोय आहे, दुसरी फसवणूक. पण दोन्हींचे मूळ एकच आहे. ते समजून घेण्यासाठी टपाल सांभाळणारे संगणक, म्हणजेच मेल-सर्व्हर, एकमेकांशी काय बोलतात ते आपल्याला ऐकावे लागेल. हे बोलणे इतके थोडके आणि साधे आहे, की आठवीच्या मुलांनाही ते सहज समजते.

दोन संगणकांचे संभाषण

हे बोलणे कसे व्हावे याची नियमावली जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिली. तिला एसएमटीपी म्हणतात. नंतर तिच्यात भर पडली, २००८ मध्ये ती नव्याने लिहिली गेली, पण गाभा तोच राहिला. तिच्यातील मूळ आज्ञा रोमन लिपीत, चार-चार अक्षरांच्या आहेत. आपण त्या येथे देवनागरीत लिहू.

समजा, ‘शाळा’ नावाच्या सर्व्हरवरून सुनंदाबाईंना ‘संस्था’ या सर्व्हरवरील रमेशरावांना पत्र पाठवायचे आहे. ‘शाळा’ने संपर्क साधताच संभाषण सुरू होते:

संस्था: २२०, सेवेस तयार.
शाळा: हेलो शाळा.
संस्था: २५०, ठीक.
शाळा: मेल फ्रॉम सुनंदा ॲट शाळा.
संस्था: २५०, ठीक.
शाळा: आरसीपीटी टू रमेश ॲट संस्था.
संस्था: २५०, ठीक.
शाळा: डेटा.
संस्था: ३५४, मजकूर पाठवा, संपल्यावर एका ओळीत फक्त एक टिंब द्या.
शाळा: (येथे संपूर्ण पत्र, आणि शेवटी टिंब)
संस्था: २५०, पत्र स्वीकारले.
शाळा: क्विट.
संस्था: २२१, नमस्कार.

उत्तरांतील आकड्यांनाही अर्थ आहे. पहिला अंक २ असेल तर काम झाले, ३ असेल तर पुढे सांगा, ४ असेल तर तूर्त अडचण आहे, थोड्या वेळाने पुन्हा या. ५ असेल तर मात्र हे काम होणारच नाही. रमेशरावांची पेटी ‘संस्था’वर नसेल, तर साधारणपणे ५५० हे उत्तर मिळते. उत्तर ४ ने सुरू झाले तर ‘शाळा’ने पत्र जपून ठेवून पुन:पुन्हा प्रयत्न करायचा असतो. निदान चार-पाच दिवस तरी आशा सोडू नये, असे नियमावली सांगते.

एखादा चौकस विद्यार्थी येथे विचारील, की पत्रातच एखाद्या ओळीत नुसते टिंब असेल तर? त्याचीही सोय आहे. टिंबाने सुरू होणाऱ्या प्रत्येक ओळीपुढे पाठवणारा संगणक एक जादा टिंब लावतो आणि घेणारा ते काढून टाकतो.

पाकीट आणि पत्र

आता वरचे संभाषण पुन्हा पाहू या. सुनंदाबाईंचा आणि रमेशरावांचा पत्ता ‘डेटा’च्या आधीच सांगून झाला आहे. मग आपल्याला पडद्यावर दिसणाऱ्या ‘प्रेषक’, ‘प्रति’ आणि ‘विषय’ या ओळी कुठे गेल्या? त्या ‘डेटा’नंतर, पत्राच्या मजकुराबरोबरच जातात. म्हणजेच ‘मेल फ्रॉम’ आणि ‘आरसीपीटी टू’ हे पाकीट झाले, आणि ‘डेटा’नंतरचे सगळे पाकिटाच्या आतले पत्र. टपाल पोचते ते पाकिटावरच्या पत्त्यावर. आतल्या ओळी पाकिटाशी जुळल्याच पाहिजेत, असा नियम १९८२ च्या नियमावलीत नव्हता, आणि आजच्या एसएमटीपीतही नाही.

लग्नपत्रिकेचे उदाहरण घ्या. आतला छापील मजकूर सर्वांना सारखाच असतो, पाकिटावरचे नाव मात्र दर वेळी वेगळे. ज्याचे नाव आत कुठेच नाही त्यालाही पत्रिका बरोबर मिळते. आपल्या पहिल्या कोड्याचे उत्तर हेच आहे. ‘गुप्त प्रत’ पाठवतो तेव्हा त्या व्यक्तीचे नाव पाकिटावर घातले जाते, पत्रात घातले जात नाही.

आलेले टपाल वाचण्याचे नियम वेगळे आहेत. पॉप या पद्धतीची तिसरी आवृत्ती १९८८ मध्ये आली. तिच्यात आधी ‘यूझर’ आणि ‘पास’ या आज्ञांनी नाव व परवलीचा शब्द द्यावा लागतो. मग ‘स्टॅट’ म्हटले की पेटीत किती पत्रे आहेत ते कळते, ‘आरईटीआर’ने पत्र मिळते आणि ‘डीईएलई’ने ते काढून टाकण्याची खूण होते. खरे पुसणे ‘क्विट’नंतर होते; मध्येच तार तुटली तर एकही पत्र हरवत नाही. यातला फरक लक्षात घ्या. पेटी उघडायला किल्ली लागते, पण पेटीत पत्र टाकायला कोणालाही किल्ली लागत नाही. रस्त्यावरच्या लाल पेटीसारखेच हे आहे.

एक पत्ता, अनेक वाचक

पाकीट आणि पत्र वेगळे असल्यामुळेच टपालयादी, म्हणजे मेलिंग लिस्ट, शक्य होते. ‘विज्ञानशिक्षक ॲट शाळा’ या एकाच पत्त्यावर पत्र येते. सर्व्हर आपल्याजवळची नावांची यादी काढतो, तेच पत्र नव्या पाकिटांत घालतो आणि प्रत्येक सभासदाकडे रवाना करतो.

अडचण निराळीच असते. नावे घालायची आणि गाळायची कोणी? पूर्वी हे काम माणसाने हाताने करावे लागे. १९८६ मध्ये पॅरिसमध्ये एरिक थॉमस या तरुणाने लिस्टसर्व्ह हा आज्ञावलीसंच लिहिला आणि हे काम यंत्राकडे गेले. सभासद होण्यासाठी सर्व्हरच्या पत्त्यावर पत्र पाठवायचे आणि त्यात ‘सबस्क्राइब’ लिहून यादीचे व आपले नाव द्यायचे. सोडायचे असेल तर ‘साइनऑफ’. ‘रिव्ह्यू’ लिहिले की सभासदांची यादी येते. सुटीवर जाताना ‘सेट नोमेल’ म्हणावे, म्हणजे सभासदत्व राहते पण पत्रे थांबतात. ‘सेट डायजेस्ट’ म्हटले की सुटी पत्रे न येता त्यांचा एकत्र गठ्ठा येतो. १९९२ मध्ये ब्रेंट चॅपमन यांनी मेजरडोमो हा याच जातीचा संच तयार केला.

वैज्ञानिकांना या पद्धतीचा मोठा उपयोग झाला. ऑगस्ट १९९१ मध्ये लॉस अलामॉस येथे पॉल गिन्स्पार्ग यांनी भौतिकीतील शोधनिबंधांचा जो साठा उघडला, तो सुरुवातीला ई-मेलनेच चालत असे. विषयाच्या ओळीत ‘गेट’ आणि निबंधाचा क्रमांक लिहून पाठवला की निबंध घरपोच येई. तोच साठा आज अर्काइव्ह या नावाने साऱ्या जगाला ठाऊक आहे. छापील नियतकालिक जहाजाने येईपर्यंत वाट पाहणाऱ्या आम्हा संशोधकांच्या व्यवसायाला हा बदल किती मोठा होता, हे वेगळे सांगायला नको.

यादीतील दोन बारकावे शिकवण्याजोगे आहेत. पहिला परत येणाऱ्या पत्रांचा. सभासदांपैकी दहा जणांच्या पेट्या बंद पडल्या असतील, तर ‘पत्र पोचले नाही’ अशी दहा उत्तरे कोणाला जावीत? लेखकाला नकोत, त्याने तर एकच पत्र लिहिले. म्हणून यादी नव्या पाकिटावर ‘मेल फ्रॉम’ म्हणून स्वत:चा पत्ता घालते आणि परत आलेल्या पत्रांवरून मृत पत्ते गाळते. आणि हे ‘पोचले नाही’चे पत्रच पोचले नाही तर? दोन यंत्रे एकमेकांना उत्तरे देतच राहतील! म्हणून अशा पत्राच्या पाकिटावर प्रेषकाची जागा रिकामी ठेवतात. ज्याला परतीचा पत्ताच नाही, ते परत पाठवता येत नाही.

दुसरा बारकावा संमतीचा. दुसऱ्याच्या नावाने ‘सबस्क्राइब’ लिहून त्याच्या माथी शेकडो पत्रे मारता येतील. म्हणून यादी आधी त्या पत्त्यावर एक खूणशब्द पाठवते. तो परत आला, तरच नाव नोंदवते.

विश्वासाचा काळ

१९८२ च्या नियमावलीत आणखी दोन आज्ञा होत्या. ‘व्हीआरएफवाय’ने ‘या नावाची पेटी तुमच्याकडे आहे काय’ असे विचारता येई, आणि ‘ईएक्सपीएन’ने एखाद्या यादीतील सर्व सभासदांचे पत्ते मागवता येत. त्या काळी जाळ्यावर होत्या त्या मुख्यत: विद्यापीठे आणि संशोधनसंस्था. आपल्याकडे १९८६ मध्ये अर्नेट प्रकल्प सुरू झाला, तोही मुंबईची एनसीएसटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि पाच आयआयटी अशा मोजक्या ठिकाणांपासून. सामान्य नागरिकाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ ला. ओळखीच्या गावात दाराला कडी लावत नाहीत, तसे ते वातावरण होते.

गाव वाढले तशी भामट्यांची सोय झाली. पत्ते गोळा करायला याच दोन आज्ञा उपयोगी पडू लागल्या. म्हणून आज बहुतेक सर्व्हर त्या बंद ठेवतात. ‘व्हीआरएफवाय’ विचारलेच, तर काही सर्व्हर २५२ असे सावध उत्तर देतात: खात्री देत नाही, पण पत्र दिलेत तर पोचवण्याचा प्रयत्न करू. आणि आपल्या दुसऱ्या कोड्याचे उत्तरही आता कळले असेल. आत ‘प्रेषक: मुख्याध्यापक’ असे कोणीही लिहू शकतो, पत्र नेणारा संगणक ते तपासण्यास मुळात बांधलेला नव्हता.

सही आणि तिची अडचण

यावर तीन उपाय योजले गेले. एसपीएफ या पद्धतीत पत्त्याच्या ‘ॲट’नंतरच्या भागाचा मालक जाहीर करतो, की आमच्या नावाने पत्रे पाठवण्याचा अधिकार या या संगणकांनाच आहे. ही तपासणी पाकिटाची झाली. डीकेआयएम पद्धतीत पाठवणारा सर्व्हर पत्रावरच गणिती सही करतो. मजकूर बदलला तर सही जुळत नाही. तिसरा उपाय डीमार्क. पत्रात दिसणारा प्रेषक या दोहोंपैकी निदान एका तपासणीशी जुळतो का, हे तो पाहायला लावतो.

येथे टपालयाद्या अडचणीत आल्या. यादी पत्र पुन्हा आपल्या संगणकावरून पाठवते आणि पुष्कळदा तळाशी एखादी ओळही जोडते. म्हणजे मूळ पत्ता जुळत नाही आणि सहीही मोडते. एप्रिल २०१४ मध्ये याहूने ‘न जुळणारी पत्रे नाकारा’ असे जाहीर केले, तेव्हा याहूच्या सभासदांनी यादीवर लिहिलेली प्रामाणिक पत्रे ठिकठिकाणी नाकारली गेली. तेव्हापासून अनेक याद्या ‘प्रेषक’ ओळीत लेखकाचे नाव आणि पत्ता मात्र यादीचा, असे लिहू लागल्या. २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्यांना हे तिन्ही उपाय सक्तीचे केले आहेत.

तरीही सावध राहावे. ही सगळी तपासणी पत्ता खरा आहे एवढेच सांगते, माणूस खरा आहे असे नव्हे. शाळेच्या पत्त्यात एक अक्षर बदलून घेतलेला नवा पत्ता तिन्ही परीक्षांत उत्तीर्ण होईल. म्हणून पैशाची मागणी करणारे पत्र आले, तर आपल्याजवळ आधीपासून असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करून विचारावे. पत्रातला क्रमांक वापरू नये.

वर्गात करून पाहा

सहा विद्यार्थी, कागद आणि पाकिटे एवढेच साहित्य पुरे. एक जण ‘प्रति: सर्व मित्र’ असे पत्र लिहील, दुसरा यादी होऊन त्याच्या प्रती नव्या पाकिटांत घालील, तिसरा टपाल वाटील, उरलेले तिघे सभासद. एका पाकिटावर वर्गात नसलेल्या मुलाचे नाव घाला आणि ते कोणाकडे परत जाते ते पाहा. दुसऱ्या फेरीत कोणीतरी आत ‘प्रेषक: वर्गशिक्षक’ असे खोटे लिहावे. टपाल अडते का? तिसऱ्या फेरीत लेखकाने पत्रातील शब्द मोजून ती संख्या वर्गाच्या फळ्यावर लिहावी आणि यादीने तळाशी एक ओळ जोडावी. वाचणारा मोजील तेव्हा संख्या जुळणार नाही. आता दोष कोणाचा, आणि नियम कसा बदलावा? मुलांना वाद घालू द्या. खोटे पत्र अडावे आणि खऱ्या पत्राची वाट मोकळी राहावी, असा नियम शोधणे किती कठीण आहे, ते त्यांना या वादातूनच कळेल.