शेल आणि शब्दांमधली जागा

मोडी कागदात शब्द कुठे तुटतो हे वाचणाऱ्यानेच ठरवायचे. लिहिणारा मध्ये जागा सोडत नसे. लिनक्सवरील बॅश शेलचा स्वभाव उलटा: मोकळी जागा दिसली की ते शब्द तोडते. ‘व्याख्यान जुने’ ही फाइल पुसण्यासाठी ‘आरएम’ ही आज्ञा अवतरणचिन्हांविना दिली, तर ते ‘व्याख्यान’ आणि ‘जुने’ अशा दोन फाइली शोधते. शेजारी ‘व्याख्यान’ नावाची मूळ प्रत असेल तर ती जाते, नको असलेली राहते. आणि आरएमला कचरापेटी नाही. ‘एको’ने आज्ञा आधी छापून पाहावी म्हणतात, पण एको तुटलेले शब्दही जागा सोडूनच छापतो, चूक दिसत नाही. त्यापेक्षा आरएमच्या जागी यादी देणारी ‘एलएस’ लिहावी. नाव तुटले असेल, तर जी फाइल गेली असती तिचेच नाव समोर येते.