एक खिडकी, चौदा वर्षं

शहराचे ऋतू टिपायचे तर शहरभर हिंडावं लागतं, हा समज योसेफ सुदेक (१८९६–१९७६) या प्रागच्या छायाचित्रकाराने खोटा ठरवला. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या सुदेकने १९४० ते १९५४ या काळात आपल्या स्टुडिओच्या एकाच खिडकीचे फोटो काढले. बाहेर अंगणातलं वेडंवाकडं झाड, आत काचेवरचे ओघळ. हिवाळ्यात काचेवर धुकं धरतं आणि झाडाचा नुसता डाग उरतो. उन्हाळ्यात तेच झाड पानापानांनी मोजता येतं. जागा बदलत नाही, म्हणूनच ऋतू दिसतो. १९४०पासून तो बहुतेक फोटो निगेटिव्हच्याच आकारात छापत असे. त्यामुळे थेंबाची कडही शाबूत राहते.

यावर आक्षेप असा, की यात माणसं कुठे आहेत? शिवाय शहर जर्मनांच्या ताब्यात असताना घरात बसणं ही निवड होती की नाइलाज? नाइलाज असेलही, पण जर्मन १९४५मध्ये गेले, आणि त्यानंतरही नऊ वर्षं तो त्या खिडकीशी होताच. माणसांचं म्हणाल, तर काचेवरची वाफ आतल्या उबेचीच खूण असते. (पावसाळ्यात एसटीच्या खिडकीशी बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.) बाहेरचं शहर त्याने सोडलं होतं असंही नाही: जुन्या कोडॅक पॅनोरमा कॅमेऱ्याने टिपलेल्या २८४ लांबट फोटोंचं त्याचं प्रागवरचं पुस्तक १९५९मध्ये निघालं.