मांडीच्या हाडातली क्रेन

पॅटर्नमेकरला पहिली सवय लागते ती आतला कोपरा धारदार न सोडण्याची. बेळगावजवळच्या मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत माझं आयुष्य लाकडी पॅटर्न करण्यात गेलं. आम्ही सागवानात जो आकार काढतो, त्याचा ठसा वाळूत उठतो आणि त्या पोकळीत फाउंड्रीवाले वितळलेलं बीड ओततात. बीड निवताना शंभर मिलिमीटरला साधारण एक मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा धरायचा. दोन भिंती मिळतात तिथं गोलाई द्यायची, तिला आम्ही फिलेट म्हणतो. ती नसेल तर निवताना तिथंच तडा जाण्याची भीती. निवताना वाचलं, तरी पुढं यंत्रात बसल्यावर सगळा ताण त्याच रेघेत गोळा होतो.

ही गोलाई हातात मुरली की डोळेही बदलतात. खानापूर रस्त्याला कुठलंही जुनं फणसाचं झाड बघा. जाड फांदी खोडातून आडवी निघते, तिचं सगळं ओझं बगलेत येतं, पण त्या बगलेत कोपरा सापडत नाही. शिवाय झाडाची गोलाई आमच्यासारखी कंपासनं मारलेली नसते; ती हळूहळू सैल होत जाते. ताण जास्त तिथं झाड लाकडाचा थर जाड चढवतं, म्हणून हा आकार येतो. जर्मनीतल्या क्लाउस माटेक यांनी झाडांचे असे जोड अभ्यासून यंत्रांचे भाग कसे घडवावेत हे दाखवलं. मला ते वाचून फार आनंद झाला होता.

पण सगळ्यात मोठं नवल आपल्या मांडीत आहे. मांडीचं हाड वरच्या टोकाला सरळ जात नाही. मान वाकडी करून त्याचं गोल डोकं खुब्यात बसतं. म्हणजे अंगाचं वजन बाजूनं येतं, क्रेनच्या आकड्याला लटकलेल्या मालासारखं. हे टोक उभं कापलं तर आत बारीक हाडांची जाळी दिसते, आणि त्या जाळीत कमानदार रेघा एकमेकींना छेदत जातात. १८६६ साली झुरिकमध्ये हेर्मान फॉन मायर या शरीरशास्त्रज्ञानं असा छेद दाखवला. तिथं कार्ल कुलमान हा पुलांचा इंजिनिअर होता. वाकड्या क्रेनमध्ये ताण कुठून कसा वाहतो याच्या त्यानं काढलेल्या रेघा आणि या हाडातल्या रेघा मिळत्याजुळत्या निघाल्या! पुढं १८९२ मध्ये युलिउस वोल्फनं मांडलं की हाड भाराप्रमाणे स्वतःला बदलत राहतं. म्हणूनच टेनिसपटूच्या खेळत्या हाताचं हाड जाड होतं, आणि अवकाशात भार नाहीसा झाला की अंतराळवीरांची हाडं झिजतात.

हे आपल्याला बघायला मिळतं ते देह देणाऱ्यांमुळं. बैलहोंगलचे वैद्य डॉ. बसवण्णप्पा रामण्णवर २००८ मध्ये गेले. आपल्या देहाचं विच्छेदन मुलानंच करावं, अशी त्यांची इच्छा होती. २०१० मध्ये बेळगावच्या कंकणवाडी आयुर्वेद महाविद्यालयात डॉ. महांतेश रामण्णवर यांनी विद्यार्थ्यांसमोर ती पुरी केली. या बापलेकांपुढं मी हात जोडतो.

सध्या मी ते हाड लाकडात, खऱ्याच्या चौपट कोरायला घेतलंय. सागवानाच्या सरळ फळीत ते बसत नाही. लाकडाचा रेषा सरळ धावतो, हाडाची मान वळते, आणि वळणावर रेषा आडवा कापला गेला की तिथंच लाकूड कमजोर. जुने सुतार नांगरासाठी मुळातच वाकलेलं लाकूड हेरत, ते याचसाठी. पावसात पडलेल्या एका फणसाची बगल मी मागून आणली आहे. तिच्यात रेषा आपणहून वळलाय, अगदी मला हवा तसा. टोकांना मेण लावून ती सावलीत ठेवली आहे, नाहीतर सुकताना फुटेल.