गारगोटीची धूळ

नांगरट झाली की शेतात पांढऱ्या गारगोट्या वर येतात. लहानपणी त्या घासून ठिणग्या पाडल्या नाहीत, अशी आपल्या जुन्नर-आंबेगावात क्वचितच कोणी असेल. गारगोटी म्हणजे जवळजवळ निव्वळ सिलिका. वाळूत, विटेत, काँक्रीटमध्ये, ओट्याच्या ग्रॅनाइटमध्येही ती असते. आपल्या काळ्या पाषाणात मोकळी सिलिका त्या मानाने कमी. पण म्हणून खडी क्रशरवरची धूळ खाल्ली तर चालते, असं नाही.

दगड नुसता पडून असेल तर काही करत नाही. तो फोडला, कापला की धूळ होते. दिसते ती जाड धूळ नाकात अडकते. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहून बारीक, न दिसणारी धूळ मात्र फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते. तिथे व्रण धरतात आणि फुप्फुस निबर होतं. हाच सिलिकोसिस. बहुधा दहा-पंधरा वर्षांनी कळतो, धूळ फार असेल तर लवकर. तो बरा करणारं औषध नाही.

आमच्या गटातल्या एका ताईंचे मालक फरशी, ग्रॅनाइट कापायचे. खोकला, दम, वजन उतरलेलं. टीबीचा कोर्स दोनदा झाला. काम काय करता, हे कोणी विचारलं नाही; आणि आपणही "मजुरी" एवढंच सांगतो. सिलिकोसिस झालेल्याला टीबी लवकर गाठतो, म्हणून एकामागे दुसरा झाकला जातो. केसपेपर काढतानाच सांगा: "इतकी वर्षं क्रशरवर आहे." छातीचा एक्स-रे मागा.

तोंडाला पदर बांधला की झालं, असं आपण समजतो. ही धूळ पदरातून सरळ आत जाते. एन-95 मास्क चेहऱ्याला घट्ट बसवला तर उपयोग, पण तोही दुसरा उपाय. पहिला उपाय पाणी: क्रशरच्या तोंडाशी आणि पट्ट्यावर फवारे, कापताना पात्यावर धार. झाडण्याआधी शिंपडा. कामाचे कपडे घरात झटकू नका, पोरंही तीच हवा घेतात. फवारे बसवणं मालकाचं काम आहे, मेहरबानी नव्हे.

गुजरातेत गोध्र्याकडे गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत मध्य प्रदेशातले आदिवासी मजूर जायचे. त्यातले 238 जण दगावले. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या वारसांना प्रत्येकी 3 लाख रुपये द्यायला सांगितले. माणसं गेल्यावर!

आपल्याकडे दगड फोडणाऱ्या मजुरालाही बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. वय 18 ते 60, वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला हवा. तो ठेकेदार किंवा ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) देतात. ठेकेदार टाळाटाळ करतोच. म्हणून पुढच्या बैठकीत गटाच्या वहीत एक पान काढा: घरातलं कोण, कुठल्या क्रशरवर किंवा साइटवर, कधीपासून. भरपाई मागायला गेलं की पहिला प्रश्न पुराव्याचाच येतो.