हापूस नावाचा माणूस

हापूस हे माणसाचं नाव आहे. आंब्याला ते पुष्कळ उशिरा मिळालं. त्याआधी हजारभर वर्षं ते पुरुषांचं नाव होतं, राजांचं होतं, संतांचं होतं. आणि त्याचं मूळ ना कोकणात, ना गोव्यात, ना पोर्तुगालमध्ये. ते आहे डॅन्यूब नदीपलीकडे राहणाऱ्या गॉथ टोळ्यांत.

गॉथ म्हणजे जर्मानिक भाषा बोलणाऱ्या लोकांची एक शाखा. हूणांचा रेटा आला तेव्हा इ.स. ३७६ मध्ये त्यांनी डॅन्यूब ओलांडली आणि रोमन साम्राज्यात आश्रय घेतला. आश्रितांचं आणि रोमन अधिकाऱ्यांचं पटलं नाही. ४१० मध्ये अलारिक या त्यांच्या राजाने खुद्द रोम लुटलं. पुढे त्यांच्यातल्या व्हिसिगॉथ म्हणवणाऱ्यांनी आजच्या फ्रान्सच्या दक्षिणेत बस्तान बसवलं आणि तिथून सरकत स्पेन-पोर्तुगालचा मुलूख धरला. तोलेदो ही त्यांची राजधानी. ७११ मध्ये अरब-बर्बर फौजांनी त्यांचा राजा रोडेरिक याचा पराभव केला आणि राज्य संपलं. त्यांची भाषाही टिकली नाही. टिकली ती नावं, आणि ती अशी टिकली की आज वसईच्या बाजारात कित्येक दुकानांच्या पाट्यांवर ती वाचता येतात.

नाव ठेवायची त्यांची आणि इतर जर्मानिक लोकांची रीत आपल्याला परकी वाटू नये. दोन शब्द घ्यायचे आणि जोडायचे. आपल्याकडे रणजित, यशोधन, वीरसेन झाले तसे. शब्द बहुतेक लढाईचे, कीर्तीचे, सत्तेचे. रॉड्रिगोमध्ये कीर्ती आणि सत्ता आहे, फर्नांडोच्या शेवटच्या तुकड्यात धाडस आहे, गोन्सालोच्या सुरुवातीला लढाई आहे. रॉड्रिगो आणि हेन्रीच्या शेपटीला जो ‘रिक’ आहे तो आणि आपला ‘राजा’ एकाच मुळातून फुटले. लुईसमधला पहिला तुकडा तर थेट आपल्या ‘श्रुत’चा चुलतभाऊ आहे. या नावांना शेवटी ‘एस’ लावलं की ‘अमक्याचा मुलगा’ होतो: फर्नांडिस, रॉड्रिग्ज, हेन्रिक्स, गोन्साल्विस. गोव्यात आणि वसईत बाप्तिस्मा घेताना पाद्र्याचं किंवा धर्मपित्याचं आडनाव घेतलं जाई, म्हणून केळीच्या आणि पानवेलीच्या बागा राखणारी मराठी घरं गॉथ योद्ध्यांची नावं मिरवतात. वसईत जन्मलेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेलेले संत गोन्सालो गार्सिया यांचं नावही त्याच टाकसाळीतलं. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं.

आता आपला माणूस: अल्फोन्सो. यातला दुसरा तुकडा ‘फुन्स’, म्हणजे सज्ज, तत्पर. पहिल्यावर पंडितांचं एकमत नाही. कुणी ‘उमदा’ म्हणतात, कुणी ‘लढाई’, कुणी ‘सर्व’. मला लढाई पटते, कारण याच नावाचा सख्खा भाऊ इल्देफोन्सो, त्याच्या सुरुवातीला लढाईच आहे. ६६७ मध्ये वारलेले तोलेदोचे संत-बिशप याच नावाचे. तर लढाईला सज्ज असा हा गडी.

व्हिसिगॉथांचं राज्य बुडाल्यावर स्पेनच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात जी छोटी ख्रिस्ती राज्यं उरली, त्यांनी हे नाव पोटाशी धरलं. अस्तुरियासचा पहिला अल्फोन्सो ७३९ मध्ये गादीवर आला, आणि तेव्हापासून मोजत गेलं तर १९३१ मध्ये स्पेन सोडून गेलेला राजा तेरावा अल्फोन्सो भरतो. पोर्तुगालमध्ये सहा झाले. तिथला पहिला, अफोन्सो हेन्रिक्स, म्हणजे पोर्तुगालचा पहिलाच राजा. ११८५ मध्ये वारला. या सगळ्या राजांत मराठी वाचकाने ओळख करून घ्यावी असा एकच, कास्तीलचा दहावा अल्फोन्सो. त्याला ‘ज्ञानी’ म्हणत. १२५१ मध्ये, गादीवर येण्याच्या आदल्या वर्षी, त्याने ‘कलीला व दिम्ना’ या अरबी ग्रंथाचं स्पॅनिशमध्ये भाषांतर करवलं. कलीला आणि दिम्ना म्हणजे आपले करटक आणि दमनक. पंचतंत्र पेहलवी आणि अरबीच्या वाटेने तिथवर पोहोचलं होतं. पुढे १२८३ मध्ये त्याने बुद्धिबळ आणि सोंगट्यांवरही मोठा ग्रंथ करवून घेतला. म्हणजे अल्फोन्सोने आपल्याकडून घेतलं ते आधी, आणि आपण अल्फोन्सो घेतला तो नंतर.

गंमत अशी की जर्मन मुलखात हे नाव पुढे फिरून आलं ते संतांच्या मार्फत. नेपल्सचे आल्फोन्सो दे लिग्वोरी १८३९ मध्ये संत झाले आणि बव्हेरियासारख्या कॅथलिक भागात घरोघरी आल्फोन्स जन्मू लागले. त्याच संतावरून केरळातल्या अन्ना नावाच्या मुलीने धर्मभगिनी होताना आल्फोन्सा हे नाव घेतलं. ती १९४६ मध्ये वारली, आणि २००८ मध्ये संत आल्फोन्सा ही भारतीय वंशाची पहिली स्त्री-संत ठरली.

पोर्तुगीज जिभेने या नावातला ‘ल’ गिळला आणि शेवटचा ‘ओ’ जवळजवळ ‘उ’ केला. त्यांच्या तोंडी ते ‘अफोंसु’ असं काहीसं ऐकू येतं. कोकणीत त्याचं आफूस झालं. मराठीने ‘फ’चा ‘प’ केला, पुढे ‘ह’ची टोपी चढवली आणि हापूस घरचा झाला. पाव, पगार, चावी, बटाटा ज्या गलबतांतून उतरले त्यांतूनच हाही उतरला. फरक इतकाच की ते जिन्नस होते आणि हा माणूस होता.

कोणता माणूस? सगळीकडे छापून येतं ते अफोन्सो दे अल्बुकर्कचं नाव. त्याने २५ नोव्हेंबर १५१० रोजी आदिलशाहीकडून गोवा दुसऱ्यांदा आणि कायमचा घेतला. पाच वर्षांनी, १५१५ च्या डिसेंबरात, गोव्याच्या बंदराच्या तोंडाशी गलबतावरच वारला. ही पाच वर्षं मलाक्का, एडन, होर्मूझ अशा मोहिमांत गेली. एवढ्यात त्याने आंब्याची जात जोपासली हे मला पटत नाही. मोठ्या माणसाच्या नावावर चांगली वस्तू खपवायची आपली खोड जुनी आहे. निकोलाव मनुची हा व्हेनिसचा माणूस मोगलांच्या पदरी राहिला, पोर्तुगीजांचा वकील म्हणून संभाजी महाराजांकडेही गेला. त्याने गोव्याच्या उत्तम आंब्यांची नावं नोंदवली आहेत. त्यांत पहिलं नाव येतं निकोलाव अफोन्सोचा आंबा. अल्बुकर्कचा उल्लेख नाही. गोव्यातले बाकीचे कित्येक आंबेही असेच माणसांचे आहेत: फर्नांदिन फर्नांडोचा, शावेर झेवियरचा, कुलास कुलासो घराण्याचा. आपली पायरीसुद्धा परेरा किंवा पेरेस या नावावरून आली असं सांगतात. तेव्हा हापूस कुणा बागाईतदार निकोलावचा, हा माझा कौल.

पण माणसाचं नाव आंब्याला चिकटायला आधी आंबा ‘तोच’ राहायला हवा. आंब्याची कोय पेरली तर झाड आईवर जाईलच असं नाही. परपरागीकरण होतं आणि रोपागणिक गुण बदलतात. म्हणून रायवळ आंब्यात प्रत्येक झाड हीच एक जात असते आणि गावकरी त्याला फळावरून हाक मारतात: शेंदऱ्या, साखऱ्या, केळ्या, खोबऱ्या, गोटी. झाड पडलं की नावही गेलं. गोव्यात जेझुइट पाद्र्यांनी आंब्याच्या कलमांना जोर दिला आणि एका झाडाची हजार झाडं हुबेहूब होऊ लागली. तेव्हा त्या वंशाला कायमचं नाव लागलं.

कोकणातल्या रोपवाटिकांत पावसाळ्यात कोय-कलम बांधताना पाहावं. रायवळाच्या कोयीतून आलेलं दहा-पंधरा दिवसांचं रोप, पानं अजून तांबूस. माळी त्याचा शेंडा छाटतो, दांड्याला उभी खाच देतो, हापूसच्या काडीला दोन्हीकडून तासून पाचर करतो, ती खाचेत बसवतो आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट गुंडाळतो. मिनिटभराचं काम. त्या गाठीच्या खाली कुणा निनावी रायवळाचं मूळ आणि वर अफोन्सो.

हे कलम आणि हे नाव कोकणाबाहेर कुठवर चालतं ते पाहायला आता हरसूलला जाऊ. तुरुंगाचं हरसूल ते छत्रपती संभाजीनगरचं. हे नाशिक जिल्ह्यातलं, त्र्यंबकेश्वर तालुक्याच्या पश्चिम टोकाचं. कोकणा, वारली, महादेव कोळी यांचा हा मुलूख. इथे जुन्या पिढीत मुलाचं नाव जन्मवारावरून पडे: सोमा, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या. या डोंगरांतलं पाणी गोदावरीकडे वळत नाही. ते पश्चिमेला उतरून दमणगंगेला मिळतं आणि दमणच्या किल्ल्यांजवळ समुद्राला भेटतं. त्या दमणवर पोर्तुगीजांचा झेंडा १५५९ पासून १९६१ च्या डिसेंबरापर्यंत होता. अफोन्सोचे देशबांधव पाण्याच्या वाटेने इतके जवळ होते.

बांधावरचे रायवळ या भागात पूर्वापार आहेत. कलमी आंब्याच्या बागा अलीकडच्या. मणिभाई देसाईंच्या ‘बाएफ’ संस्थेने १९८२ च्या सुमारास गुजरातेत वांसद्याला आदिवासी शेतकऱ्यांसाठी ‘वाडी’ सुरू केली: उतारावरच्या हलक्या जमिनीत आंबा-काजूची कलमं, मधल्या पट्ट्यात नागली-भात, कडेने कुंपणाची झाडं. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या डोंगरांत ही वाडी रुजली. त्यात लागला तो मुख्यतः केशर. गिरनारच्या पायथ्याचा हा आंबा; जुनागडच्या नवाबाने १९३४ मध्ये त्याच्या गराचा रंग पाहून त्याला केशर म्हटलं. हापूसला समुद्राची हवा मानवते, एक वर्ष धरून दुसऱ्या वर्षी रुसायची त्याची खोड आहे, आणि वरून निर्दोष दिसणाऱ्या फळात साका निघाला की पांढरट, आंबूस गर फेकून द्यावा लागतो. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने हा दोष घालवण्यासाठी नीलम आणि हापूसचा संकर करून १९८१ मध्ये ‘रत्ना’ काढली, ‘रत्ना’ पुन्हा हापूसशी जोडून १९९२ मध्ये बारीक कोयीची ‘सिंधू’ काढली. फळं चांगली आहेत, पण गिऱ्हाईक मागतं अफोन्सोच.

त्या नावाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या, नोंदणी केलेल्या बागाईतदारांनाच ‘हापूस’ म्हणून विकायचा हक्क आहे. हरसूलपासून जवळच मोखाडा लागतो, आणि मोखाडा पालघर जिल्ह्यात आहे. एकाच रोपवाटिकेतून आणलेलं कलम मोखाड्यात लावलं तर हापूस. हरसुलात लावलं तर कायद्याने नुसता आंबा. नाशिक जिल्हा यादीत नाही. तेव्हा त्र्यंबक-हरसूल रस्त्यावर कुणी हापूस म्हणून पाटी पुढे केली तर ती राहू द्या. कोकणचा हंगाम उतरणीला लागला की इथल्या वाड्यांचा केशर येतो. तो मागा, आणि शक्यतो पिकवणाऱ्याच्याच हातून घ्या.